मालक गेल्याचं गड्याला कळलं पाहिजे

शैलाताई सकाळी ऑफिसात आल्या की आधी कुणाचा तरी प्रोग्राम मारायच्या. डब्याची पिशवी खांद्यालाच, हेल्मेट काखेत, आणि तशाच त्या कुणाच्याही टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "सरक जरा," म्हणायच्या, दोन बोटांनी कळा दाबायच्या आणि छान चालत असलेला प्रोग्राम अर्ध्यात पाडायच्या. नीट बंद करणं वेगळं. त्या मारायच्या, त्याला आवराआवर करायलाही वेळ न देता. मग हनुवटीखाली हात घेऊन पडद्याकडे बघत राहायच्या.

"मालक मेला," त्या शांतपणे सांगायच्या. "आता गडी काय करतुया बघू."

उरवड्याला, प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्याच्या मागे आमची लहानशी कंपनी होती. यंत्रं चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. कुणाची भट्टी, कुणाचे पंप, कुणाचं शीतगृह. अशा कामात बहुतेक वेळा दोन प्रोग्राम असतात. एक मुख्य, तो मोजमाप घेतो आणि निर्णय करतो. तो आपल्या हाताखाली दुसरा, मदतनीस प्रोग्राम सुरू करतो, आणि हा मदतनीस झडप उघडी धरणं, मोटर फिरती ठेवणं असली कामं करतो. इंग्रजी पुस्तकांत या दोघांना आईबाप आणि मूल म्हणतात. शैलाताईंना ते मंजूर नव्हतं. "पोर म्हणलं की माया आली. हितं माया न्हाई, काम हाय. गडीच म्हण."

मुख्य प्रोग्राम कधी ना कधी मरतोच. मेमरी संपते, एखादी जोडणी अडकते, आमची चूक निघते. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांची काळजी मागे उरलेल्याची. मालक गेला हे मदतनिसाला कुणी सांगितलं नाही, तर तो शेवटचा हुकूम पाळत बसतो. झडप उघडी ठेव असं सांगितलेलं असतं, तो उघडी ठेवतो. "मालक सरणावर गेला आन् गडी खाचरात पाणी सोडतुया," त्या म्हणायच्या. "बांध फुटला तरी सोडतुया. त्याचा काय गुन्हा? त्याला कळाय नगं?"

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा प्रोग्राम मारला. मी पुण्याहून आलेला, आधीच्या दोन नोकऱ्यांचा अनुभव गाठीशी, आणि त्याचा थोडा ताठाही. पडद्यावर माझा मदतनीस होता तसाच चालत राहिला. कुणी गेलं याची त्याला दखलच नव्हती. शैलाताईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग पिशवी सावरत म्हणाल्या, "लई इमानी हाय रे तुझा गडी. इमानी गडी लई वाईट." आणि चहा प्यायला गेल्या. मागे सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं.

त्यांच्याबद्दल लिहायचं बऱ्याच वर्षांपासून मनात आहे. लिहिलं नाही, कारण शैलाताईंबद्दल लिहायचं तर त्यांच्या आईबद्दल लिहावं लागतं, आणि तिथे माझं वागणं येतं. आता दोघीही नाहीत. लिहायला हवं.

शैलाताई पवळे जवळच्याच भरे गावच्या. पिढ्यान्‌पिढ्यांचं भातशेतीचं घर. अर्धी जमीन वडिलांच्या हयातीतच विकली गेली. उरलेल्या तुकड्यावर रस्त्याच्या कडेला खोल्यांची चाळ बांधली होती आणि कारखान्यांतले कामगार तिथे भाड्यानं राहायचे. शैलाताईंनी पुण्यात राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. लग्न झालं होतं, पण लवकरच त्या माहेरी परत आल्या. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात आई आणि धाकटा भाऊ बाळू. अंगानं त्या उंच, थोड्या वाकलेल्या, केस कायम घट्ट बांधलेले. ग्राहकापुढे बोलायची वेळ आली तरी बोली बदलायच्या नाहीत. एकदा आमचे साहेब म्हणाले, "शैलाताई, मुंबईची माणसं येणार आहेत, जरा..." त्यावर यांचं उत्तर, "त्येंची मशीन मराठी शिकलीय का इंग्रजी, त्ये सांगा. तसं बोलते." मुंबईची माणसं मात्र नंतरही फोन करायची ती शैलाताईंनाच.

कामात त्या कडक होत्या, पण माणसाला वाऱ्यावर सोडायच्या नाहीत. तुमची चूक त्या सगळ्यांसमोर दाखवायच्या आणि मग सगळे जेवायला गेले की तुमच्या शेजारी बसून ती दुरुस्त करू लागायच्या. त्याबद्दल आभार मानले तर वैतागायच्या. "आभार कसलं मानतुयास. परत केलीस तर कान धरंल."

त्यांच्या आईला मी आधी आवाजातून ओळखू लागलो. शैलाताईंचा फोन अनेकदा लागायचा नाही किंवा त्या उचलायच्या नाहीत, म्हणून म्हातारीनं माझा नंबर घेऊन ठेवला होता. दुपारी फोन यायचा. "सुहास का? जेवली का ती? का नुसती बसलीय त्या डबड्यापुढं?" मी म्हणायचो, जेवल्या. "खोटं नगं बोलू. डबा उघडून बघ." मी खरोखर उठून डबा बघायचो. डब्यात दोन माणसांचं असायचं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी धरणातल्या माशाचं कालवण. दुसरा वाटा माझा. "शेरातलं पोर हाय, त्येला कोण घालणार," असा निरोप असायचा. माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती, हे त्यांना ठाऊक होतं. वाटा तरीही यायचाच.

या म्हातारीची एक सवय होती. संध्याकाळी ती चाळीपुढून एक फेरी मारायची, आणि ज्या खोलीत दिवा दिसला नाही त्या खोलीची कडी वाजवायची. आतल्याला हिंदीशिवाय काही येत नसलं तरी हिचा प्रश्न मराठीतच. "बरा हायस न्हवं?" आतून काहीतरी उत्तर आलं की पुढे. बाळूला याची लाज वाटायची. शैलाताई म्हणायच्या, "आसू दे. एकटा माणूस आत मरून पडला तर कळाय नगं?" ऑफिसातला त्यांचा हट्ट कुठून आलाय, ते मला एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात उभा असताना कळलं.

आता आमच्या भांडणाबद्दल. आपला मालक जिवंत आहे की नाही हे मदतनिसानं ओळखायचं कसं, यावर आमचं पटत नव्हतं. माझी पद्धत साधी होती. संगणक प्रत्येक चालू प्रोग्रामला एक नंबर देतो. मदतनिसानं दर थोड्या वेळानं संगणकाला विचारायचं, अमुक नंबरचा प्रोग्राम चालू आहे का? आहे म्हटलं की काम पुढे चालू. शैलाताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नंबर म्हंजी काय माणूस हाय का?"

"म्हणजे?"

"आमच्या चाळीत चार नंबरच्या खोलीला कडी वाजीव. आतनं 'ओ' येतंय. म्हंजी जुनाच भाडेकरू हाय व्हय? त्यो कवाच गाव सोडून गेला. आता तितं दुसराच ऱ्हातोय. त्यो बी 'ओ'च म्हणणार की."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. प्रोग्राम मेला की त्याचा नंबर मोकळा होतो आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच प्रोग्रामला मिळू शकतो. पण मी म्हणालो, असं घडायची शक्यता फारच कमी. त्यांची पद्धत निराळी होती. मालकानं गड्याला कामाला लावतानाच दोघांमध्ये एक वाहिनी उघडायची. शैलाताई तिला दोरी म्हणायच्या. "एक टोक मालकाच्या मुठीत, एक गड्याच्या. मालक कसा बी मरू दे, झोपंत मरू दे का ठेच लागून. मूठ सुटली की दोरी सैल पडली. गड्याला इचारत बसायचं कामच न्हाई. त्येच्या हातालाच कळतंय."

पटत होतं. तरी मी माझ्या मदतनिसात तो बदल केला नाही. आज करू, उद्या करू असं नव्हतं ते. त्यांनी सांगितलं म्हणून मी केलं नाही.

मुळशीला धरणाच्या काठावर काळोखे नावाच्या गृहस्थांनी मत्स्यबीज केंद्र काढलं होतं. सिमेंटच्या टाक्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं वाढवायची आणि तळेवाल्यांना विकायची. टाकीतलं जुनं पाणी थोडं थोडं काढून टाकायचं, धरणाचं नवं घ्यायचं, पाण्यात हवा सोडायची, हे सगळं आमच्या प्रोग्रामांनी करायचं होतं. मुख्य प्रोग्राम शैलाताईंचा, मदतनीस माझा. मालक मेला, तर मदतनिसानं निचऱ्याची झडप मिटायची, हवा चालू ठेवायची आणि घंटा वाजवायची, असं ठरलेलं होतं.

सगळं दाखवून काम ग्राहकाच्या ताब्यात द्यायचा तो दिवस. आम्ही माझ्या मोटरसायकलवरून पोहोचलो तर काळोखेशेठ फाटकातच उभे. पहाटे मुख्य प्रोग्राम आपोआप बंद पडला होता. निचरा चालू असताना. घंटा वाजली नाही. एका टाकीतलं पाणी घोट्याएवढं उरलं तेव्हा तिथल्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्यानं हातानं झडप फिरवली. पिल्लं वाचली होती.

शैलाताई पंपघरात गेल्या, संगणकापुढे बसल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. मेलेल्या मालकाचा नंबर रोजची आकडेवारी छापणाऱ्या एका फुटकळ प्रोग्रामला मिळाला होता. माझा मदतनीस कडी वाजवत होता, आणि आतून 'ओ' येत होती.

त्या उठून बाहेर आल्या. काळोखेशेठना एवढंच म्हणाल्या, "आमची चूक हाय. आज दुरुस्त करून दिल्याबिगर जात न्हाई." आमची म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो.

काळोखेशेठ भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "घाई नको, ताई. दोन दिवस लागले तरी चालेल. तोवर माझी माणसं हातानं चालवतील सगळं." हे त्यांचं वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

पंपघर खाली, उताराच्या पोटात. तिथे फोनला रेंज यायची नाही. फाटकाजवळच्या टेकाडावर मिळायची. जेवणं झाल्यावर साहेबांना कळवायला म्हणून मी टेकाडावर गेलो. साहेबांना मी काय सांगितलं तेही सांगतो. मी म्हणालो, किरकोळ अडचण आहे, मी बघतोय. फोन ठेवला आणि लगेच वाजला. बाळूचा होता.

"सुहासदादा, आई गेली."

"कधी?"

"आत्ता. जेवली, आडवी झाली, ती उठलीच न्हाई. ताईचा फोन लागत न्हाई. तिला सांगू नका, आई शिरियस हाय म्हणा. वाटंत रडत यायची न्हाईतर. पर लगोलग घिऊन या. दिस मावळायच्या आत न्यायचं म्हणत्यात माणसं."

"निघतोच," मी म्हणालो.

टेकाडावरून पंपघराकडे पायवाट उतरते. ती उतरताना मी काही वाईट ठरवलं, असं झालं नाही. मी काहीच ठरवलं नाही. खाली पोहोचलो तर शैलाताई कमरेला ओढणी खोचून, खुर्ची सोडून स्टुलावर बसल्या होत्या, आणि काळोखेशेठ मागे हात बांधून बघत होते.

"आलास व्हय? बस. तुझ्या गड्याच्या हातात दोरी देतीय. झालंच आता."

मी बसलो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पिल्लांचा प्रश्न होता. शैलाताई उठून गेल्या असत्या तर सगळी बोटुकली मेली असती. हे खोटं आहे. एकही मेलं नसतं. काळोखेशेठनी सकाळीच तसं सांगितलं होतं. खरं एवढंच, की त्या निघून गेल्या असत्या तर त्या स्टुलावर मला बसावं लागलं असतं. दोरीची पद्धत मी कधी हातानं केली नव्हती. काळोखेशेठ मागून बघत असताना ते मला जमलं नसतं, साहेबांना फोन करावा लागला असता, आणि 'मी बघतोय' म्हणणाऱ्याला काही दिसत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. तेवढ्यासाठी मी बसून राहिलो. झालंच आता, झालंच आता, असं करत दुपार सरत गेली. बाळूनं पुन्हा फोन केला असणार. खाली रेंज नव्हती.

शेवटी त्यांनी मालक मारला. त्याच क्षणी झडप फिरल्याचा आवाज आला, हवेचे पंप गुरगुरायला लागले आणि घंटा वाजली. त्यांनी परत सुरू केलं, परत मारला, वेगळ्या तऱ्हेनं. परत घंटा. संगणकाची विजेची तार उपटायला त्यांनी काळोखेशेठना लावलं. मदतनीस संगणकाला जोडलेल्या, पण वेगळ्या विजेवरच्या एका छोट्या पेटीत चालायचा. तो आपलं काम करून मोकळा झाला. काळोखेशेठ लहान मुलासारखे हसले. शैलाताई इतक्या खूश मी क्वचित पाहिल्या होत्या. हात पुसत त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर आईला सांगते, आज लेकुरवाळ्या टाक्या वाचवल्या. ती म्हणंल, मग एक बी आणला न्हाईस व्हय कालवणाला."

तेव्हा मी म्हणालो, "शैलाताई, घरून फोन होता. आईंना जरा बरं नाही. बोलावलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कवा आला फोन?"

"आत्ताच," मी म्हणालो.

आपल्याकडे वाटेवरच्या माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत. बरं नाही म्हणतात, सिरियस आहे म्हणतात. ऐकणारा ओळखतो आणि ओळखलं असं दाखवत नाही. पोहोचेपर्यंतचा रस्ता माणसाला पार करता यावा म्हणून केलेली ती सोय आहे. बाळूनं ती बहिणीसाठी केली होती, मी तिच्याआड लपलो.

त्या गाडीवर मागे बसल्या. पौडात बाजारामुळे गाडी हळू झाली तेव्हा माझ्या खांद्यामागून आवाज आला, "गेली न्हवं?"

"मला माहीत नाही, ताई."

घोटावडे फाट्यावरून आत वळलो तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, मधली जागा रिकामी होती. नुकतीच सारवून घेतलेली. एक म्हातारी उठून म्हणाली, "लई वाट बघितली गं शैले." शैलाताई थांबल्या नाहीत. चपला तिथेच सोडून त्या बांधावरून नदीच्या बाजूला चालू लागल्या. आमच्याकडे बायका स्मशानाकडे जात नाहीत. त्यांना कुणी अडवलं नाही. मी मागे. दुरूनच धूर दिसला. त्याही थांबल्या, मग चालायला लागल्या, पण आता सावकाश. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाळू सामोरा आला. रडून त्याचा आवाज बसला होता. "ताई, माणसं दुपारपास्नं बसून व्हती. किती थांबवायचं." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी तर निघतो म्हणाला व्हता." मी खाली बघितलं. शैलाताई आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

आईचं तोंड त्यांना बघायला मिळालं नाही.

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. मी रात्ररात्र वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं मला वाटायचं. त्यांनी विचारलं नाही. काळोखेशेठच्या कामाबद्दल बोलल्या, नव्या भट्टीच्या कामाबद्दल बोलल्या, आवाजात राग नाही, काही नाही. फक्त एक गोष्ट बदलली. सकाळी त्या पिशवी खांद्याला लावून पूर्वीसारख्याच कुणाच्याही टेबलाशी उभ्या राहायच्या, "सरक जरा" म्हणायच्या. माझ्या टेबलाशी आल्या नाहीत. पुढे आम्ही कितीतरी वर्षं एकाच खोलीत काम केलं, पण माझा प्रोग्राम त्यांनी परत कधी मारला नाही. नवीन आलेल्यांना वाटायचं, मी त्यांच्या विश्वासातला आहे.

जेवताना त्या स्वतःच केलेला डबा उघडायच्या. त्यात एका माणसाचं असायचं.

मीही बोललो नाही. आधी भीती होती, मग ती जुनी झाली, मग सवय लागली. कंपनी मोठी झाली, बादल्यांच्या कारखान्यामागून उरवड्यातच नव्या इमारतीत गेली. मला बढती मिळाली. मदतनीस प्रोग्राम लिहायचा म्हटलं की दोरी द्यायचीच, असा नियम मी सगळ्या नव्या पोरांना शिकवायचो, आणि कुणी विचारलं की हे कुणाकडून आलं, तर शैलाताईंचं नाव घ्यायचो. त्याचा अर्थ मी काही फेडतोय असा कुणी घेऊ नये. मी तसा घेत होतो.

मग त्यांना दुखणं आलं. पोटाचं. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि मिटलं. त्या नोकरी सोडून भऱ्याला घरी बसल्या. ऑफिसातून आम्ही घोळक्यानं भेटायला जायचो आणि त्या आम्हाला हसवायच्या. एक दिवस मी एकटाच गेलो. ओट्यावर खाट टाकून त्या उन्हात बसल्या होत्या. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवल्या होत्या. बाळूनं चहा आणून ठेवला आणि तो चाळीकडे गेला.

मी म्हणालो, "शैलाताई, त्या दिवशी फोन दुपारीच आला होता."

"ठावं हाय."

"बाळूनं..."

"बाळूनं कशाला सांगाय पायजे. पौडात मी इचारलं तवाच कळलं. तू आरशात माझ्याकडं बघत व्हतास. गाडी चालवणारा म्होरं बघतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोलायचं तुझं व्हतं का माझं?"

त्यांनी घसरलेल्या बांगड्या परत वर सरकवल्या. मग त्याच म्हणाल्या, "का बसलास तितं, ते सांग. पिल्लं मरतील म्हणून?"

मला ते सोपं उत्तर त्यांनी स्वतःच हातात दिलं होतं. मी म्हणालो, "नाही. तुम्ही गेला असता तर मला ते दुरुस्त करता आलं नसतं. आणि मला येत नाही, हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

त्यांनी मान हलवली, जशी हिशोब जुळल्यावर हलवतात. "हां. ह्ये खरं. मासं मासं करत आला असतास, तर चा न देता घालवला असता."

"मला माफ करा, ताई."

"त्ये न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, भाव विचारणाऱ्याला नाही म्हणावं तसं. "आईचं त्वांड बघायचं ऱ्हायलं, ते ऱ्हायलं. मी माफ केलं म्हणलं तर तू उद्यापास्नं गॉड जेवशील आन् मी हितं खोटं बोलून पडंल. मला आता खोटं बोलायला येळ न्हाई." मग चहाच्या कपाकडे बोट केलं. "गार होतुया. आन् येत जा. आयतवारी ये, बाळू घरी नसतो."

मी दर रविवारी जात राहिलो. त्या विषयावर परत बोलणं झालं नाही. त्या भाडेकरूंच्या तक्रारी सांगायच्या, मला भात कसा लावतात ते सांगायच्या, मी चुकीचं काही बोललो की "शेरातला हायस, तुजा विलाज न्हाई" म्हणायच्या. काही वेळा नुसतं बसून असायचो. औषधानं ग्लानी आली की त्या झोपायच्या, मी बाळू येईपर्यंत थांबायचो.

त्या गेल्या तो रविवार नव्हता. मी ऑफिसात होतो. सकाळचा चहा टेबलावर आला होता आणि फोन वाजला.

"दादा, ताई गेली," बाळू म्हणाला. रडत नव्हता. पाठ केलेलं म्हणावं तसं सावकाश बोलत होता. "आत्ताच. अजून कुणालाच कळवलं न्हाई, पयला फोन तुमाला. तसं तिनं सांगून ठेवलं व्हतं. म्हणाली, सुहासला आदी सांग, आन् सरळ सांग, बरं न्हाई बिरं न्हाई म्हणू नगंस. तुमाला टायमात येता यावं म्हणून."

उरवड्याहून भरे काही लांब नाही. मी पोहोचलो तेव्हा अंगणात कुणीच जमलं नव्हतं. बाळू दाराशी उभा होता. तो बाजूला सरला. आत त्या खाटेवरच होत्या, चादर छातीपर्यंत ओढलेली, चेहरा उघडा. मी शेजारी बसलो. माणसं यायला अजून पुष्कळ अवकाश होता.